गोळीत नसलेलं औषध

२०११च्या पावसाळ्यात माझी आई न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. वय ७४. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, हाडात पट्टी आणि स्क्रू बसले, सर्जन म्हणाले की सगळं छान झालंय. दुखण्यासाठी ट्रॅमॅडॉल सुरू केलं होतं. आधी सलाइनमधून, नंतर कॅप्सूल. पण तिचं दुखणं काही थांबेना.

पहिल्या रात्री ती कण्हत होती. दुसऱ्या रात्री ओरडायला लागली. कुशीवर वळवायला गेलं की माझा हात इतका घट्ट धरायची की बांगडी रुतायची. सिस्टरनी दोनदा चार्ट पाहिला, डोस वेळेवर गेलेला होता. "आजी, एवढं नसतं हो दुखत, बाकीचे पेशंट बघा कसे शांत झोपलेत," असं त्या म्हणाल्या. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की काही जणांचा स्वभावच असा असतो, वयस्कर बायकांना लक्ष हवं असतं, घरात अलीकडे काही झालंय का? झालं होतं. बाबा जाऊन आठ महिने झाले होते. "मग बरोबर," ते म्हणाले.

मी तेव्हा एका कॉलेजात ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवत होते. मॉर्फीनची पाच वलयांची रचना डोळे मिटून फळ्यावर काढू शकायचे. आत जाऊन मी आईला म्हटलं, "आई, औषध दिलंय ना, आता किती दुखणार? थोडं सहन कर की." तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग बराच वेळ ती ओरडली नाही. नुसती भिंतीकडे बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका तरुण रेसिडेंट मुलीने, का कोण जाणे, वरिष्ठांना विचारून मॉर्फीनचं इंजेक्शन दिलं. वीस मिनिटांत आई झोपली. दुपारी उठून तिने चहा मागितला. एकातून फरक पडला नाही आणि दुसऱ्यातून पडला, तो कशामुळे, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी विचारलं, तेव्हा उत्तर शोधता शोधता दोनशे वर्षं मागे जावं लागलं. हा लेख त्या वाटेचा आहे.

सुरुवात जर्मनीतल्या पाडरबोर्नमधल्या एका औषधाच्या दुकानात होते. सन १८०४-०५. फ्रीडरिश सेर्ट्यूर्नर नावाचा विशी-एकविशीचा शिकाऊ औषधविक्या फावल्या वेळात अफूवर प्रयोग करत होता. त्याला अडचण वाटत होती ती अफूच्या ताकदीची नव्हे, तिच्या बेभरवशी असण्याची. एका मालाच्या एका चमच्याने रोगी शांत झोपायचा, दुसऱ्या मालाच्या तेवढ्याच चमच्याने त्याला काहीच व्हायचं नाही, आणि तिसऱ्याने तो उठायचाच नाही. अफू म्हणजे खसखशीच्या कच्च्या बोंडाला चिरा देऊन गोळा केलेला चीक. कुठलं शेत, कुठलं वर्ष, किती भेसळ, यावर सगळं अवलंबून. सेर्ट्यूर्नरचं म्हणणं असं की या चिकात झोप आणणारा पदार्थ नक्की एकच काहीतरी असणार, तो वेगळा काढला की मोजून देता येईल.

त्याने तो काढला. पांढरे स्फटिक. कुत्र्यांना देऊन पाहिले. पण त्या काळच्या विद्वानांनी दुकानातल्या पोराकडे फारसं लक्ष दिलं नाही. पुढे काही वर्षांनी त्याने तीन पोरांना गोळा केलं, सगळी सतराच्या आतली, आणि स्वतःसकट चौघांनी ते स्फटिक घेतले. अर्धा ग्रेन, म्हणजे आजच्या हिशेबात साधारण ३० मिलिग्रॅम. अर्ध्या तासाने पुन्हा तेवढेच, पंधरा मिनिटांनी पुन्हा तेवढेच. ज्यांना आजच्या मात्रा ठाऊक आहेत त्यांना हा आकडा वाचून घाम फुटेल. चौघेही गुंगीत गेले. सेर्ट्यूर्नरने शुद्ध जाता जाता घाबरून सगळ्यांना कडक व्हिनेगर पाजलं, ओकाऱ्या काढवल्या, आणि १८१७ साली हे सगळं छापलं. ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्या पदार्थाला त्याने मॉर्फियम म्हटलं. वनस्पतीतून वेगळं काढलेलं हे पहिलं अल्कलॉइड. १८२७पासून डार्मस्टाट इथल्या मेर्क कुटुंबाने ते विकायला सुरुवात केली.

मला या गोष्टीत प्रयोगाच्या धाडसापेक्षा त्यामागचा विश्वास महत्त्वाचा वाटतो. पदार्थ शुद्ध असेल आणि वजन ठाऊक असेल, तर परिणामही ठाऊक असेल. बेभरवसा आहे तो चिकात. माणसात नाही. आधुनिक औषधशास्त्राची सगळी इमारत या पायावर उभी राहिली, आणि हॉस्पिटलच्या त्या खोलीत मी आईला जे म्हटलं तेही याच पायावर उभं राहून म्हटलं.

१८३२ साली पॅरिसमध्ये पिएर-झाँ रोबिके मॉर्फीन काढण्याची एक स्कॉटिश रीत तपासत होता. उरलेल्या द्रावणात त्याला आणखी एक पदार्थ सापडला. खसखशीच्या बोंडाला ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्यावरून त्याने नाव दिलं कोडीन. मॉर्फीनपेक्षा सौम्य, खोकल्याला उत्तम, पोटातून घ्यायला सोयीचं. दोन्हींच्या रचना पुढे समजल्या तेव्हा फरक केवढासा निघाला! मॉर्फीनच्या एका ऑक्सिजनवर हायड्रोजन असतो, तिथे कोडीनमध्ये मेथिल गट असतो. एक कार्बन, तीन हायड्रोजन. मी हे विद्यार्थ्यांना टोपीची उपमा देऊन सांगायचे: मॉर्फीनने टोपी घातली की कोडीन.

अफूत कोडीन फार थोडं असतं, आणि मागणी प्रचंड. म्हणून जगातलं बहुतेक कोडीन कारखान्यात मॉर्फीनवर मेथिलची टोपी चढवूनच बनवलं जातं. आपल्याकडे गाझीपूर आणि नीमच इथल्या सरकारी कारखान्यांत शेतकऱ्यांकडून आलेल्या अफूपासून हे काम वर्षानुवर्षं चालू आहे. ही टोपी नीट लक्षात ठेवा. कारखान्यात इतक्या मेहनतीने चढवलेली टोपी पुढे कुठे उतरते, ते समजायला रोबिकेनंतर सव्वाशे वर्षं जावी लागली.

मधल्या काळात उलट दिशेने भरपूर खटपट झाली. १८७४ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या वैद्यकीय शाळेत रसायन शिकवणाऱ्या अॅल्डर राइटने मॉर्फीन अॅसेटिक अॅनहायड्राइडबरोबर उकळलं आणि मॉर्फीनवर एक नव्हे, दोन अॅसिटिल गट चढवले. पदार्थ बाजूला पडला. १८९७च्या ऑगस्टमध्ये बायर कंपनीच्या एल्बरफेल्ड इथल्या प्रयोगशाळेत फेलिक्स हॉफमानने तोच पुन्हा बनवला, अॅस्पिरिन बनवल्यानंतर दोनच आठवड्यांनी. कंपनीने १८९८मध्ये तो बाजारात आणला. खोकल्याचं औषध म्हणून, आणि मॉर्फीनची सवय न लावणारा म्हणून. नाव ठेवलं हेरॉइन.

या नावाने आज अंगावर काटा येतो, पण त्या काळच्या क्षयाने आणि न्यूमोनियाने माणसं खोकून खोकून मरत होती, हेही ध्यानात घ्यायला हवं. चूक वेगळीच होती. कंपनीचे औषधतज्ज्ञ हे नवीन, वेगळं औषध आहे असं धरून चालले होते. शरीराच्या दृष्टीने ते वेगळं नव्हतंच. रक्तात शिरल्यावर काही मिनिटांत एक अॅसिटिल गट गळतो, मग दुसराही गळतो, आणि उरतं ते सेर्ट्यूर्नरचं मॉर्फीन. दोन गटांचं काम रेनकोटाइतकंच: त्यांच्यामुळे रेणू मेदात सहज विरघळतो आणि मेंदूत मॉर्फीनपेक्षा लवकर पोचतो. आत गेल्यावर रेनकोट काढून ठेवला जातो. १९१३च्या सुमारास बायरने उत्पादन थांबवलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

या व्यापाराशी आपलंही नातं आहे, आणि ते दूरचं नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे, आणि मुंबईतली बरीच मोठी घराणी त्यावर उभी राहिली. सर जमशेटजी जीजीभाईंची दौलत कापूस आणि अफूची, आणि त्यांच्याच देणगीतून मुंबईतलं जे. जे. हॉस्पिटल उभं राहिलं. मी हे हिणवण्यासाठी लिहीत नाही. दुखणं थांबवणारी आणि माणूस बुडवणारी वस्तू एकच असल्याचा इतिहास असाच गुंतलेला असणार.

हेरॉइनचं कोडं सोपं होतं. कोडीनचं अवघड. शंभराहून जास्त वर्षं डॉक्टर ते लिहून देत होते, लोक घेत होते, आणि ते सौम्य मॉर्फीनसारखं काम करतं एवढंच सगळ्यांना माहीत होतं. कसं, हे कुणाला नेमकं ठाऊक नव्हतं.

इथे जूलियस अॅक्सेलरॉड येतो. हा न्यूयॉर्कचा गरीब घरातला मुलगा. मेडिकलला प्रवेश मिळाला नाही, म्हणून प्रयोगशाळेत तंत्रज्ञाची नोकरी धरली. तिथे एका स्फोटात डावा डोळा गेला. १९४८ साली बर्नार्ड ब्रॉडीबरोबर काम करताना त्याने दाखवून दिलं, की अॅसिटॅनिलाइड नावाचं तेव्हाचं एक वेदनाशामक शरीरात गेल्यावर दुसऱ्याच पदार्थात बदलतं आणि दुखणं थांबतं ते त्या दुसऱ्यामुळे. तो दुसरा पदार्थ म्हणजे पॅरासिटॅमॉल, जे आज आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. गिळलेली वस्तू आणि काम करणारी वस्तू एकच असेलच असं नाही, ही कल्पना तिथे पक्की झाली. १९५५ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्याला एकदाची पीएचडी मिळाली. त्याच वर्षी त्याने आणखी एक निबंध छापला: यकृताच्या पेशींत असं एक एन्झाइम आहे जे कोडीनचं मॉर्फीन करतं.

म्हणजे टोपी यकृतात उतरते.

हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ खुर्चीत तशीच बसून राहिले. टोपीची उपमा मी पंचवीस वर्षं देत होते. ती कुठे उतरते हे माझ्या पाठ्यपुस्तकात कधी नव्हतं, आणि मी कधी विचारलंही नव्हतं. मेंदूतल्या ज्या जागी मॉर्फीन जाऊन बसतं तिथे कोडीनला जेमतेम बसता येतं, मॉर्फीनची पकड त्याच्या दोनशे पट आहे. पोटात गेलेल्या कोडीनचा मोठा भाग यकृत सरळ साखरेचा एक आम्लगट जोडून लघवीवाटे काढून टाकतं. थोडा भाग दुसऱ्या वाटेने जातो. आणि केवळ पाच ते दहा टक्क्यांची टोपी उतरून मॉर्फीन बनतं. कोडीनच्या दुखणं थांबवण्याच्या ताकदीतला मोठा वाटा या चिमूटभर मॉर्फीनचा. गोळीवर लिहिलेलं औषध म्हणजे कच्चा माल. खरं औषध बनवणारा कारखाना आपल्या बरगड्यांखाली, उजव्या बाजूला.

मग साहजिक प्रश्न: सगळ्यांचे कारखाने सारखे चालतात का?

याचं उत्तर योगायोगाने पुन्हा सेंट मेरीजमध्येच मिळालं, राइटच्या प्रयोगानंतर शंभर वर्षांनी. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तिथे रॉबर्ट स्मिथ आणि सहकारी डेब्रिसोक्विन नावाच्या रक्तदाबाच्या औषधाचं शरीरात काय होतं हे तपासत होते. त्यांनी ते स्वतःच घेतलं. सहकाऱ्यांना काही विशेष झालं नाही. स्मिथचा रक्तदाब एवढा घसरला, की त्याला उभं राहता येईना. लघवी तपासली तेव्हा इतरांच्या शरीराने औषधाचं रूपांतर करून टाकलेलं दिसलं, स्मिथच्या लघवीत ते जवळपास जसंच्या तसं. दुसऱ्या कुणी हे "मला सोसलं नाही" म्हणून सोडून दिलं असतं. स्मिथला वाटलं, आपल्यात काहीतरी कमी आहे आणि ते घराण्यातून आलेलं असणार. विद्यार्थ्यांवर, त्यांच्या कुटुंबांवर चाचण्या झाल्या आणि १९७७ साली लॅन्सेटमध्ये निबंध आला: हे रूपांतर करण्याची क्षमता एका जनुकावर ठरते आणि काही लोकांत ती जन्मतः नसते. जवळपास त्याच काळात बॉनमध्ये मिखाएल आइशेलबाउमला स्पार्टीन नावाच्या औषधाबाबत हेच दिसलं. दोन्ही औषधांवर काम करणारं एन्झाइम एकच निघालं. १९८८मध्ये त्याचं जनुक हाती आलं, बाविसाव्या गुणसूत्रावरचं. नाव सीवायपी-टू-डी-सिक्स. नाव रुक्ष आहे, त्याला इलाज नाही.

कोडीनची टोपी उतरवणारं एन्झाइम हेच.

आता स्मिथची गोष्ट उलटी करून पाहा. डेब्रिसोक्विन हे मुळातच काम करणारं औषध, एन्झाइम ते निकामी करतं, म्हणून एन्झाइम नसलेल्या स्मिथला ते अति झालं. कोडीन हे मुळात जवळजवळ निष्क्रिय, एन्झाइम त्याला कामाला लावतं. म्हणजे स्मिथसारख्या माणसाला कोडीन दिलं तर? १९९०च्या सुमारास डेन्मार्कमध्ये काही संशोधकांनी हे तपासलं. स्वयंसेवकांच्या त्वचेवर लेझरने टोचून त्यांची वेदना सहन करण्याची मर्यादा मोजली, मग कोडीन दिलं. एन्झाइम असलेल्यांची मर्यादा वाढली. नसलेल्यांची वाढली नाही. त्यांना दिलेलं कोडीन वजनात आणि शुद्धतेत तंतोतंत तेवढंच होतं. सेर्ट्यूर्नरचा बेभरवसा चिकातून काढून टाकला होता, तो माणसात शिल्लक होता.

युरोपी वंशाच्या लोकांत असे पाच ते दहा टक्के. आपल्याकडच्या पाहण्यांत साधारण शंभरात दोन ते पाच. त्याखेरीज एन्झाइम असूनही मंद चालणारे बरेच. टक्केवारीवरून समोरच्या माणसाबद्दल काहीच कळत नाही, हे वेगळं. पण ५० खाटांच्या वॉर्डात असं एखादं कुणी असणार, एवढं तरी कळतं.

दुसऱ्या टोकाची कथा स्वीडनमध्ये सापडली. काही रुग्णांना औदासीन्यावरचं नेहमीचं औषध कितीही दिलं तरी रक्तात टिकतच नव्हतं. डॉक्टरांना आधी वाटलं, हे गोळ्या घेतच नाहीत, खोटं बोलतात. (हाही संशय आधी रोग्यावरच.) १९९३मध्ये एका कुटुंबात वडील आणि दोन मुलांच्या गुणसूत्रावर या जनुकाच्या एकामागोमाग बारा प्रती दिसल्या. बारा कारखाने! इतक्या प्रती विरळा, पण जादा एक-दोन असलेले लोक बरेच आहेत: इथिओपियातल्या एका पाहणीत २९ टक्के, सौदी अरेबियात वीसच्या आसपास.

अशा माणसाने कोडीन घेतलं तर काय होतं, ते २००४ साली जिनिव्हाहून कळलं. ६२ वर्षांचा न्यूमोनियाचा रुग्ण, खोकल्यासाठी कोडीन दिवसातून तीनदा २५ मिलिग्रॅम. ही अगदी साधी मात्रा. चौथ्या दिवशी तो बेशुद्ध, श्वास मंद. तपासलं तर जनुकाच्या जादा प्रती. त्यात ज्या दुसऱ्या वाटेने थोडं कोडीन निघून जातं ती वाट इतर दोन औषधांनी बंद केलेली, आणि मूत्रपिंडांचं कामही मंदावलेलं. तो वाचला. २००९ साली कॅनडातल्या दोन वर्षांच्या एका मुलाची नोंद छापून आली. टॉन्सिल काढल्यानंतर त्याला घरी नेलं, सांगितलेल्या मात्रेत कोडीन दिलं, आणि दोन दिवसांत तो गेला. जनुकाच्या जादा प्रती. मग अशी आणखी मुलं सापडली. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या दीर्घ दुखण्याच्या औषधांतून कोडीन वगळलं, २०१३मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वेष्टनावर चौकटीतली सूचना छापायला लावली आणि २०१७मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊ नये असं सांगितलं. ट्रॅमॅडॉलसुद्धा.

या बाबतीत मी स्वतः एक चूक केली, ती सांगायला हवी. २००६ साली लॅन्सेटमध्येच टोरांटोहून एक नोंद आली होती: आई कोडीन घेत होती, तिच्यात जनुकाच्या जादा प्रती होत्या, दुधातून गेलेल्या मॉर्फीनने तिचं तेरा दिवसांचं बाळ गेलं. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगायचे, मुलं सुन्न व्हायची. पुढे कळलं की त्या नोंदीतल्या आकड्यांवर तज्ज्ञांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत. दुधातून एवढं औषध जाणंच शक्य नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याच मजकुरावरचे कॅनडातल्या दोन नियतकालिकांतले लेख मागेही घेतले गेले. गोष्ट इतकी नेटकी होती, की मी आकडे तपासलेच नाहीत. जनुकाचं शास्त्र त्यामुळे खोटं ठरत नाही. पण एकदा आईवर विश्वास ठेवला नाही आणि एकदा निबंधावर डोळे मिटून ठेवला, असं माझं दोनदा झालं.

थेट मॉर्फीन दिलं तर हा सगळा प्रश्न टळतो का? हा टळतो, दुसरे येतात. मॉर्फीन या एन्झाइमवर अवलंबून नाही. यकृत त्याला आम्लगट जोडतं आणि त्यातून दोन पदार्थ बनतात. त्यातला एक स्वतःच वेदनाशामक आहे, आणि तो मूत्रपिंडांतून बाहेर पडतो. मूत्रपिंडं थकलेल्या माणसात तो साचत जातो, म्हणून अशा रुग्णाला जपून द्यावं लागतं. नवजात बाळाच्या यकृतात गट जोडण्याचं हे कामच अजून नीट सुरू झालेलं नसतं. मुंबईच्या गिरणगावात पूर्वी कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्या बाळांना अफूची बाळागोळी देत, म्हणजे पोर पाळीभर झोपून राही. सांभाळायला दुसरं कुणी नसे. साहेबांच्या अहवालांत या बायांच्या अडाणीपणाबद्दल पुष्कळ लिहिलेलं आहे. तीच गोळी एका पोराला नुसती झोपवते आणि दुसऱ्याला संपवते ती कशी, हे तेव्हा अहवाल लिहिणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

आता ट्रॅमॅडॉल. १९६२ साली जर्मनीत ग्रूनेनथाल कंपनीत ते बनलं आणि १९७७मध्ये बाजारात आलं. ते खसखशीतून येत नाही, पण त्याच्यावरही कोडीनसारखीच एक मेथिलची टोपी आहे. मॉर्फीनच्या जागी जाऊन घट्ट बसतो तो टोपी उतरलेला रेणू. टोपी उतरवणारं एन्झाइम तेच, सीवायपी-टू-डी-सिक्स. मॉर्फीनपेक्षा याच्या वाटेत कायद्याचे अडथळे पुष्कळ कमी होते. १९८५च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानंतर आपल्याकडे मॉर्फीन ठेवायचं तर परवान्यांवर परवाने लागत, एका चुकीला तुरुंगाची भीती. बऱ्याच हॉस्पिटलांनी ते ठेवणंच सोडलं. जगाला औषधी अफू पुरवणाऱ्या देशात कॅन्सरचे रुग्ण मॉर्फीनवाचून तळमळत गेले. केरळमधल्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं झगडल्यावर २०१४ साली कायदा थोडा सैल झाला. त्या सगळ्या काळात, आणि नंतरही, ट्रॅमॅडॉल हाताशी असे. आईलाही म्हणूनच ते आधी दिलं गेलं असणार, त्यात कुणाचं चुकलं असं मी म्हणत नाही.

आई २०१६मध्ये गेली. तिच्या कपाटातले कागद आवरताना बाबा गेल्यानंतरच्या दिवसांची एक फाइल सापडली. तिला झोप लागत नव्हती, जेवण सुटलं होतं, म्हणून दादाने तिला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं होतं. चिठ्ठीवर पॅरॉक्सेटिन, रोज रात्री एक. पडली त्या आठवड्यातही ती ते घेत होती. हॉस्पिटलात विचारलं तेव्हा आम्ही रक्तदाबाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या सांगितल्या होत्या. ही सांगितली नव्हती. लाज वाटली म्हणून नव्हे, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. पण लाजच वाटली होती.

पॅरॉक्सेटिन हे एन्झाइम अडवून धरतं. इतकं जोरात, की जन्मतः चांगलं एन्झाइम असलेला माणूस स्मिथसारखा होऊन बसतो. वर ट्रॅमॅडॉलबरोबर त्याचं जमतही नाही, झटके येण्याचा धोका असतो. तो टळला हे नशीब. म्हणजे आईच्या बाबतीत दोन शक्यता: कारखाना मुळातच बंद होता, किंवा आम्हीच त्याला कुलूप घातलं होतं. कोणती खरी हे आता सांगता येणार नाही. मी स्वतःची जनुकीय चाचणी करून घेऊ शकते, आता शहरात त्या होतात. पण तिच्याकडच्या दोन प्रतींपैकी एकच माझ्याकडे आली, दुसरी तिच्याबरोबर गेली.

मला सलतं ते निराळंच. खुब्यानंतर आई पाच वर्षं जगली. गुडघे दुखायचे, शेवटी शेवटी पाठही. विचारलं की म्हणायची, "काही नाही गं." गोळी पुढे केली की हात मागे घ्यायची. एकदा मी चिडून विचारलं, दुखतंय तर घेत का नाहीस? म्हणाली, "नको. नाही उतरलं तर तुम्ही म्हणाल, नाटक करते."

गेल्या वर्षी माझ्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी भूल देणारे डॉक्टर नेहमीचे प्रश्न विचारून गेले: अॅलर्जी, मधुमेह, चालू औषधं. मी चालू औषधांची पूर्ण यादी दिली आणि म्हटलं, "आणखी एक. माझ्या आईला ट्रॅमॅडॉल लागू पडलं नव्हतं. मॉर्फीन पडलं." त्यांनी मान वर केली. "टेस्ट केली होती का त्यांची?" "नाही. ती ओरडत होती." ते जरा थांबले, मग फाइलच्या कोपऱ्यात पेनने लिहिलं: आई, ट्रॅमॅडॉल, परिणाम नाही. पुढे प्रश्नचिन्ह काढायला त्यांनी पेन टेकवलं होतं, ते तसंच उचललं.